करमुक्त संस्था आणि सार्वमताचा प्रचार : मेन राज्यातील एक प्रकरण

एखाद्या संस्थेस करातून सूट देणे म्हणजे तिला सरकारी तिजोरीतून अप्रत्यक्ष साहाय्य करणेच होय. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली ‘टॅक्सेशन विथ रिप्रेझेंटेशन’ या संस्थेच्या खटल्यात हे तत्त्व मान्य केले, आणि कायदे बदलून घेण्याच्या खटपटीस असे साहाय्य देण्याचे काँग्रेसवर बंधन नाही, असा निर्णय दिला. तत्त्व सोपे आहे. परंतु कोणत्या खटपटीस राजकीय म्हणावयाचे आणि तिचा खर्च कोणी केला हे कोणास कळावयाचे, येथे अडचणीस प्रारंभ होतो. समलिंगी विवाहास विरोध करणाऱ्या संस्थांच्या प्रचाराचा इतिहास पाहिला म्हणजे ही अडचण जितकी स्पष्ट होते, तितकी नुसती कलमे वाचून होत नाही.

महसूल संहितेच्या ५०१(सी)(३) या कलमाखाली येणाऱ्या धर्मादाय, शैक्षणिक व धार्मिक संस्थांना दिलेली देणगी देणगीदारास आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. या सवलतीपोटी त्यांच्यावर दोन बंधने आहेत. कायदेविषयक प्रचार हा त्यांच्या कार्याचा भरीव भाग होता कामा नये, हे १९३४ चे बंधन. आणि उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध प्रचार मुळीच करावयाचा नाही, हे लिंडन जॉन्सन यांच्या १९५४ च्या दुरुस्तीने आलेले बंधन. ५०१(सी)(४) खालील ‘समाजकल्याण’ संस्थांच्या देणगीदारांना वजावट मिळत नाही. मात्र या संस्थांना आपल्या उद्दिष्टास धरून कायदेविषयक प्रचार हवा तितका करता येतो, आणि ते मुख्य कार्य होऊ न दिल्यास उमेदवारांचाही. मूळ कलमात ‘केवळ’ समाजकल्याणासाठी असा शब्द आहे. १९५९ च्या नियमांनी त्याचा अर्थ ‘मुख्यत्वे’ असा लावला. एका क्रियाविशेषणाने एवढे दार उघडल्याची उदाहरणे करविधीत विरळाच सापडतील.

सार्वमताचे स्थान या दोहोंत कोठे, हा विद्यार्थ्यांचा नेहमी घोटाळा करणारा प्रश्न आहे. मतपत्रिकेवर प्रस्ताव असतो, उमेदवार नसतो; मतदार स्वतःच विधिमंडळाचे काम करीत असतात. म्हणून करविधी अशा प्रचारास निवडणूक न मानता कायदेविषयक प्रचार मानतो, आणि चर्चलादेखील तो मर्यादेत करता येतो. २००४ साली तेरा राज्यांत विवाहाची व्याख्या बदलणाऱ्या घटनादुरुस्त्या सार्वमताने संमत झाल्या, त्या याच चौकटीत. २००८ साली कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव ८’ सुमारे ५२ टक्के मतांनी संमत झाला, तेव्हा दोन्ही पक्षांचा मिळून खर्च आठ कोटी डॉलरांवर गेला होता. मॉर्मन चर्चने त्या लढ्यात उघड भाग घेतला. पुढे त्यास जो ५,५३९ डॉलरांचा दंड झाला, तो करखात्याने नव्हे, तर साहाय्याची नोंद विलंबाने केल्याबद्दल राज्याच्या निवडणूकविषयक आयोगाने केला. हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मेन राज्यात तो पूर्णपणे उघड झाला. तेथील विधिमंडळाने मे २००९ मध्ये समलिंगी विवाहास मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी तो कायदा सुमारे ५३ टक्के मतांनी रद्द केला. कायदा रद्द करू पाहणाऱ्या प्रचारसमितीच्या निधीतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे एकोणीस लाख डॉलर, ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मॅरेज’ या २००७ साली स्थापन झालेल्या ५०१(सी)(४) संस्थेचा होता. समितीच्या हिशेबात देणगीदार म्हणून संस्थेचे नाव होते. संस्थेस पैसे देणाऱ्यांची नावे कोठेच नव्हती. मेनच्या कायद्यानुसार सार्वमतासाठी पाच हजार डॉलरांहून अधिक रक्कम जमविणाऱ्या संस्थेने नोंदणी करून देणगीदार प्रकट केले पाहिजेत. संस्थेचे म्हणणे असे की, देणग्या सर्वसाधारण कार्यासाठी होत्या, मेनसाठी म्हणून कोणी दिल्या नव्हत्या. राज्याच्या आयोगाने पत्रव्यवहार व हिशेब तपासून हे म्हणणे अमान्य केले, आणि २०१४ साली ५०,२५० डॉलर दंड करून नावे देण्याचा आदेश दिला.

देणगीदारांची भीती सर्वस्वी काल्पनिक होती असे मात्र म्हणता येत नाही. याच संस्थेची गोपनीय देणगीदार-यादी करखात्याच्या चुकीने बाहेर पडून २०१२ साली प्रसिद्ध झाली होती, आणि त्याबद्दल सरकारने २०१४ मध्ये ५०,००० डॉलर देऊन तडजोड केली. प्रस्ताव ८ साठी दिलेल्या एक हजार डॉलरांवरून मोझिला कंपनीच्या प्रमुखास त्याच वर्षी पद सोडावे लागले. अलाबामा राज्यास कृष्णवर्णीयांच्या संघटनेची सभासद-यादी मिळू नये, असा निर्णय १९५८ साली ज्या युक्तिवादावर झाला, तोच येथे पुढे आला. तथापि प्रस्तुत लेखकास दोन्ही प्रसंग सारखे वाटत नाहीत. अलाबामात सत्ताधारी सरकार एका पीडित समूहाचे सभासद शोधीत होते. मेनमध्ये प्रश्न होता इतरांच्या विवाहाधिकारावर होणाऱ्या मतदानास पैसा कोणी पुरविला याचा. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या प्रकरणात, सार्वमतासाठी केलेल्या अर्जावरील सह्या प्रकट करण्यास सर्वसाधारणपणे घटनात्मक बाध नाही, असे आठ विरुद्ध एक मताने ठरविले. प्रत्यक्ष छळाची शक्यता दाखविणाऱ्यास मात्र सूट मागण्याचा मार्ग मोकळा ठेवला.

पुढील दिशा अगदी सरळ नाही. मे २०२० मध्ये कोषागाराने ५०१(सी)(४) संस्थांना करखात्याकडे देणगीदारांची नावे पाठविण्यापासून मुक्त केले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाची धर्मादाय संस्थांकडून अशी यादी मागण्याची पद्धती घटनाबाह्य ठरविली. म्हणजे करविधीच्या वाटेने देणगीदार कळण्याची शक्यता उणावली, आणि सारा भार राज्यांच्या निवडणूक कायद्यांवर येऊन पडला.

त्या कायद्यांची गती किती, हे मेनच्या तारखांवरून दिसते. मतदान नोव्हेंबर २००९ मध्ये झाले. २०१२ साली त्याच राज्याच्या मतदारांनी दुसऱ्या सार्वमताने समलिंगी विवाहास मान्यता दिली. २६ जून २०१५ रोजी ओबर्गफेल निर्णयाने ती सर्व देशात लागू झाली. संस्थेने दंड भरून नावे दिली ती ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि यादी पाहता बहुतेक पैसा अगदी मोजक्या देणगीदारांचा होता.