पावडर कोटिंगखालचा गंज

“एकदा पावडर कोटिंग करून टाका, चाकाची डिस्क परत गंजणार नाही.” गॅरेजमध्ये, टायरच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे मी ऐकलंय, आणि दर वेळी तितकाच वैतागलोय. कारण माझ्या जुन्या जीपच्या लोखंडी डिस्कवरची पावडर दुसऱ्याच पावसाळ्यात नखाने सोलून निघाली. चौकशी केल्यावर कळलं, कामगाराने पॉलिश पेपर फिरवला होता आणि थेट पावडर मारली होती. गंज होता तिथेच होता.

पावडर कोटिंग हे गंजावरचं औषध नाही. रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने धातूला चिकटवतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळवून कडक करतात. तयार होणारा थर ६० ते ८० मायक्रॉनचा, साध्या स्प्रेच्या एका हातापेक्षा बराच जाड आणि चिवट असतो, हे खरंच. पण खडी लागून टवका उडाला की पाणी आत शिरतं, आणि वरून डिस्क चकचकीत दिसत असताना खाली गंज पसरत राहतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तर आणखी वेगाने.

टिकाऊपणा ठरतो तो आधीच्या तयारीवर. पावडर बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीचं माहितीपत्रक काढा, पृष्ठभागाच्या तयारीची अट त्यात असतेच. लोखंडाला आधी ब्लास्टिंग, म्हणजे दाबाने खरखरीत कणांचा मारा, हवं. मग चांगल्या कारखान्यात ‘सेव्हन टँक’ प्रक्रिया असते: तेलकटपणा काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग, पॅसिव्हेशन आणि मधेमधे पाण्याने धुणं. अ‍ॅल्युमिनियमच्या अलॉय चाकाला याच टाक्या चालत नाहीत, त्याची रसायनं वेगळी. ही मेहनत स्प्रेलाही चुकत नाही. नीट साफ केलेल्या चाकावर इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के पीयू (दोन घटकांचा पॉलियुरेथेन) रंग मारला, तर तो घाईच्या पावडरपेक्षा जास्त टिकतो. शिवाय ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त होतो. पावडरचं तसं नाही, बहुधा सगळं काढून पुन्हा करावं लागतं.

असे आणखीही समज कानावर येतात. “पावडर म्हणजे पावडर, सगळी सारखीच.” नाही. इपॉक्सी पावडर उन्हात खडूसारखी पांढुरकी पडते; चाकाला पॉलिस्टर मागा.

“भट्टीत घातलं की अलॉय कमकुवत होतं.” ही भीती अगदीच निराधार नाही. बरीचशी ओतीव अलॉय ए३५६ या मिश्रधातूची असतात आणि कारखान्यात साधारण १५५ अंशांना काही तास ठेवून कडक केलेली असतात. पावडरची भट्टी त्याहून गरम असते. तरी तापमान सांभाळून वीसेक मिनिटं भाजल्याने सहसा बिघडत नाही. जुना रंग जाळून काढायच्या ४०० अंशांच्या भट्टीत मात्र अलॉय कधीच जाऊ देऊ नका.

“जाड थराने बारीक चीर भरून निघते.” चीर फक्त झाकली जाते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

“नट बसतात तिथेही रंग हवाच.” अजिबात नको. तिथला थर दबून झिजतो आणि नट सैल होतात. ती जागा आणि हबला टेकणारा भाग टेप लावून कोरा ठेवायला सांगा. चाक बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

स्प्रे की पावडर, हे नंतर ठरवा. दुकानात आधी विचारा, “रंगाआधी काय काय करता?” उत्तर नुसतं “घासून घेतो” असं आलं, तर चाक उचलून दुसरं दुकान गाठा.