बांगडी चढेना? हाताची सूज अंगावर काढू नका

स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली बाई पुढे कधी म्हणते, “अगं, या हातात बांगडीच चढेना!” काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या किंवा तिथे किरणे दिली की लसीका वाहून जायची वाट अडते. ती साचून हात सुजतो.

दाबाच्या बंद कक्षात बसून शुद्ध प्राणवायू घेण्याचा एक महागडा उपाय यावर सुचवला जातो. ब्रिटनमध्ये ५८ रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली. सहा आठवड्यांत ३० बैठका दिल्या, पण २०१० साली निष्कर्ष आला : फायदा दिसला नाही. तेव्हा त्यासाठी नांदेड-लातूरहून पुण्या-मुंबईच्या खेपा घालायला दागिना मोडू नका.

मग करायचे काय? मापाची घट्ट बाही, पट्ट्या आणि व्यायाम डॉक्टरांना विचारून सुरू करा. शिवणाच्या टेपने दोन्ही हात एकाच जागी मोजून वहीत मांडा. भाकरी करताना चटका, विळीवर काप टाळा; लागलेच तर लगेच धुऊन मलम लावा. हात लाल, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सूज नवी असतानाच दाखवली, तर ती आटोक्यात ठेवणे सोपे जाते.