धडधड सुरू झाली की…

वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेला माणूस नुकताच आडवा झालाय. नळाला आज पाणी येणार का, ही धास्ती आहेच. तेवढ्यात मोबाइलवर साहेबांचा निरोप येतो, 'उद्या भेटा.' लगेच छाती धडधडते, तळहातांना घाम फुटतो, पोटात गोळा येतो.

मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोका हेरतो. शरीरात ॲड्रेनलिन उसळतं, हृदय वेग घेतं, श्वास उथळ आणि भरभर होतो. असा श्वास चालू राहिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. आपण आता मरणार, असं वाटू लागतं. अशा झटक्याचा जोर बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो. मात्र पहिल्यांदाच छातीत दुखलं, तर 'टेन्शन असेल' म्हणून घरी बसू नका. आधी ईसीजी काढून घ्या.

हृदयाची खात्री झाली असेल, तर झटक्याच्या वेळी श्वासाकडे वळा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. असं पाच मिनिटं करा.

शरीर निवलं की विचार तपासा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचं सूत्र असं : घटनेपेक्षा, घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो त्यातून त्रास वाढतो. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात घटना : 'साहेबांनी बोलावलंय.' दुसऱ्यात मनातलं वाक्य : 'नोकरी गेली, आता सगळं संपलं.' तिसऱ्यात तपासणी : 'पुरावा काय? याआधी बोलावलं तेव्हा काय झालं? नोकरी गेलीच, तर पहिलं पाऊल कोणतं?' भीती पूर्ण जाणार नाही, पण तिला लगाम बसेल.

झोपेचीही घडी बसवा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. म्हणून पाळीच्या शेवटच्या तासांतला कप टाळा. दिवसा झोपताना खोली अंधारी ठेवा. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी अस्वस्थता वाढते.

उदासी किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे टिकलं, कामावर परिणाम होऊ लागला, तर डॉक्टर गाठा. थायरॉइड, रक्तक्षय, बी-12ची कमतरता यांनीही मन ढासळतं. काही दिवस झोप नकोशी, अंगात अफाट उत्साह, पैशांची उधळण असं झालं असेल, तर तेही सांगा; त्यावरून औषध बदलतं. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानेच बंद करू नका.

जीव द्यावासा वाटत असेल, तर थांबू नका : 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांनो, 'उगाच टेन्शन घेतोस' म्हणू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. दवाखान्यात सोबत जा.