पंधरा हजार अर्ज, साडेपाचशे जागा

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, डोंगरांच्या कुशीत विल्यमस्टाऊन नावाचं छोटं गाव आहे. तिथलं विल्यम्स कॉलेज 1793 सालचं. मराठीशी त्याचं नातं फार जुनं आहे. या कॉलेजचा 1808 चा पदवीधर गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला, मराठी शिकला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या संस्थापकांपैकी एक झाला. आज प्रवास उलट्या दिशेने होतो. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या पलीकडे बघणारी पुण्या-मुंबईतली मुलं अशा लिबरल आर्ट्स कॉलेजांना अर्ज करतात, आणि मग आईवडिलांची गाठ आकड्यांशी पडते.

चारही वर्षांची मिळून विल्यम्समध्ये साधारण 2,100 मुलं शिकतात. दर वर्षी नव्या जागा साडेपाचशेच्या आसपास, आणि अर्ज सुमारे 15 हजार. अमेरिकेत हायस्कूलंच 25 हजारांच्या आसपास आहेत. प्रत्येक शाळेतून पहिल्या आलेल्या एकाच मुलाने अर्ज केला, तरी विल्यम्ससारखी चाळीसहून जास्त कॉलेजं भरतील.

2020 मध्ये हेच अर्ज नऊ हजारांच्या आत होते. दोन वर्षांत ते 15 हजारांच्या पुढे गेले. मुलं एकाएकी दुपटीने हुशार झाली नव्हती. कोविडच्या काळात एसएटीचे गुण देणं ऐच्छिक झालं, आणि कॉमन अ‍ॅपवर आणखी एक कॉलेज जोडायला फारसे कष्ट पडत नाहीत. 1975 मध्ये 15 कॉलेजांनी मिळून सुरू केलेल्या या सामायिक अर्जात आज हजाराहून जास्त संस्था आहेत. एकच मुलगी दहा-बारा ठिकाणी अर्ज करते आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने मोजली जाते. गर्दीचा मोठा भाग असा त्याच त्या मुलांचा असतो.

साधारण बाराशे जणांना होकार जातो, म्हणजे आठ टक्के. पण हा आठाचा आकडा फसवा आहे, तो फोडून बघायला हवा. नोव्हेंबरात ‘अर्ली डिसिजन’ची फेरी असते. प्रवेश मिळाला तर इथेच येईन, असं तिथे लिहून द्यावं लागतं. या फेरीत आठशे ते हजार अर्ज येतात आणि अडीचशेच्या घरात मुलं घेतली जातात, म्हणजे तीन-चारांत एक. निम्म्याहून थोड्याच कमी जागा इथेच संपतात. उरलेल्या तीनशे जागांसाठी 14 हजार अर्ज, आणि तिथला होकार सात टक्क्यांच्याही खाली. शिवाय कॉलेजचे खेळांचे 32 संघ आहेत आणि सुमारे एक तृतीयांश मुलं त्यांत खेळतात. त्यातल्या काहींसाठी प्रशिक्षकाची शिफारस आधीच पोचलेली असते. गायन, कविता आणि उत्तम गुण घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुलीला ही रांग कुठून कुठे वळते, हे कुणीच सांगत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

वाचणाऱ्यांचंही गणित करून बघा. काही नामांकित कॉलेजांत एका अर्जाला आठ मिनिटं किंवा त्याहूनही कमी वेळ मिळतो, असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने 2018 मध्ये छापलं होतं. आठ मिनिटं धरली तर 15 हजार अर्जांना दोन हजार तास लागतात. एकट्या माणसाने रोज आठ तास वाचायचं म्हटलं तर 250 दिवस. हे काम मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये उरकायचं असतं. मुलाच्या हातात काय असतं? कमाल 650 शब्दांचा निबंध, जवळपास या लेखाएवढा, आणि दहा उपक्रमांची यादी. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला 150 अक्षरं, मोकळ्या जागांसह. आजोबांच्या आजारपणात दोन वर्षं घर सांभाळणाऱ्या मुलाने ती दोन वर्षं तेवढ्यात बसवायची.

मग जागा वाढवत का नाहीत? पैसा तर भरपूर आहे. कॉलेजचा राखीव निधी साडेतीन अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे दर विद्यार्थ्यामागे चौदा-पंधरा कोटी रुपये. पण तिथला ‘ट्युटोरियल’ वर्ग पाहिला की उत्तर मिळतं. एक प्राध्यापक, दोन विद्यार्थी. दर आठवड्याला एकाने पाच-सहा पानं लिहून आणायची, दुसऱ्याने ती तपासून त्यावर बोलायचं, पुढच्या आठवड्यात भूमिका बदलायच्या. न वाचता येऊन मागच्या बाकावर लपायची सोय नाही, कारण मागचा बाकच नाही. हे शिक्षण पाच हजार मुलांना देता येत नाही. इथला लहानपणा मुद्दाम जपलेला आहे.

या निधीचा एक उपयोग तर फार मोलाचा आहे. वर्षाचा खर्च 85 हजार डॉलरच्या पुढे जातो, पण 2022 पासून गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी मदत पूर्णपणे अनुदानाची असते. कर्ज नाही, कॅम्पसवर काम करण्याची सक्ती नाही. मात्र परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश देताना घरची ऐपत विचारात घेतली जाते. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडन ही तशीच छोटी कॉलेजं परदेशी मुलांच्या बाबतीतही ऐपत न बघता निर्णय घेतात. अर्ज करण्याआधी प्रत्येक कॉलेजचा हा नियम वाचाच.

आपल्याला कटऑफची सवय आहे. कॅप राउंडमध्ये अर्ध्या गुणाने जागा गेली तर निदान तो अर्धा गुण दिसतो. तिथे गुणवत्ता यादी लागत नाही आणि नकाराचं कारणही कळत नाही. म्हणून यादीत विल्यम्ससारखी एक-दोनच नावं ठेवा. जिथे तीस-चाळीस टक्के अर्जांना होकार मिळतो अशी चार चांगली कॉलेजंही तितक्याच आवडीने निवडा. आणि मार्चमध्ये नकार आला, तर कुठे कमी पडलास, असं मुलाला कृपा करून विचारू नका.