वीस फेऱ्यांचा पाव

लाकडी चमचा पातेल्यात फिरत होता आणि ताई मोजत होत्या. अठरा, एकोणीस, वीस. हात थांबला. पातेल्यात अजून कोरड्या मैद्याच्या रेघा दिसत होत्या, कडेला गुठळ्या होत्या, मधोमध फेस फुटत होता. चार फेरे आणखी दिले असते तर सगळं एकजीव झालं असतं. मी तसं म्हटलं. "नाही, वीसच," त्या म्हणाल्या. "गुठळ्यांचं ओव्हन बघून घेईल."

हा पाव मी वसईत एका बाप्तिस्म्याच्या जेवणात खाल्ला होता. वरचं कवच खडबडीत, लोणी मुरलेलं. आतला भाग दाट आणि ओलसर. वास मात्र कुठल्याच बेकरीचा नव्हता. भाजलेल्या जवाचा, थोडा गोड, मागे किंचित कडसर. त्यात बीअर आहे, मळणं नाही, पीठ फुगायला ठेवणं नाही आणि सव्वा तासात पाव हातात येतो, असं समजलं. ज्यांनी तो केला होता त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून तो बघावा, असं त्याच वेळी मनात आलं.

ताई चर्चगेटजवळ नोकरी करतात. विरार लोकलच्या गर्दीतून घरी पोचायला आठ वाजतात. आल्यावर त्या आधी ओव्हन लावतात, १९० अंशांवर, आणि मगच हातपाय धुतात. तीन कप मैदा, तीन छोटे चमचे बेकिंग पावडर, एक चमचा मीठ, तीन मोठे चमचे साखर, हे सगळं दोनदा चाळायचं. मग बीअरची ३३० मिलीची बाटली उघडून सगळी एकदम ओतायची. ती उघडून ठेवायची नाही, कारण फेसातला वायूही पिठाला थोडा हात देतो. मग ते वीस फेरे. लोणी लावलेल्या टिनमध्ये मिश्रण ओतलं, वर पन्नास ग्रॅम वितळलेलं लोणी सोडलं आणि दार लावलं.

वीसच का, हे त्यांना सासरी कुणी शिकवलेलं नाही. नवरा बोटीवर होता, तिथे दक्षिण आफ्रिकेच्या एका सहकाऱ्याकडून तो ही कृती शिकून आला. त्या देशात निखाऱ्यांवर मांस भाजायची मेजवानी असते, तिला ब्राय म्हणतात. तिथे बीअर ब्रेड अगदी घरगुती गोष्ट आहे. कृतीच्या कागदावर फक्त 'कमी ढवळा' असं होतं. कमी म्हणजे किती, ते ताईंनी चिवट झालेले पाव खाऊन ठरवलं. त्यामागचं कारण साधं आहे. मैदा ओला होऊन ढवळला गेला की त्यात ग्लुटेनचे धागे तयार होतात. यीस्टच्या पावाला ते हवे असतात, म्हणून तो मळायचा. इथे यीस्ट नाही. बेकिंग पावडर ओली होताक्षणी वायू सोडू लागते आणि उरलेला वायू भट्टीतल्या उष्णतेने सुटतो. रेंगाळलं तर तो हवेत जातो, जास्त ढवळलं तर पाव रबरासारखा होतो. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर बनवली ती पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून. आज ती वसईतल्या एका नोकरदार बाईचे रात्रीचे तीन तास वाचवते.

बीअरने पाव फुगतो असा अनेकांचा समज असतो. बाजारात मिळणारी बाटलीतली बीअर बहुधा गाळलेली आणि पाश्चरीकृत असते. तिच्यात जिवंत यीस्ट उरत नाही. नुसत्या बीअरवर भरवसा ठेवला तर हाती वीट येईल. बीअर देते ती चव: मोड आणून भाजलेल्या जवाची, आणि हॉप्सचा कडवटपणा. म्हणून ताई हलकी लागर घेतात. फार कडू बीअर भट्टीत आणखी कडू लागते, असा त्यांचा अनुभव.

ताडीची गोष्ट वेगळी. खुर्चीत बसून सगळं ऐकणाऱ्या त्यांच्या सासूबाई इथे बोलल्या. वसईच्या ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला फुगे होतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध घालून सैलसर पीठ भिजवायचं, मुठीतून अंगठ्यापाशी गोळा पिळून काढायचा आणि गरम तेलात सोडायचा. पूर्वी ते पीठ ताडीवर फुगायचं. झाडावरून उतरवलेल्या रसात हवेतलं यीस्ट काही तासांत कामाला लागतं. ताडी जिवंत असते. "ताडी सकाळीच आणावी लागायची," सासूबाई म्हणाल्या. "उशीर झाला की पीठ आंबट." आता त्याही यीस्ट वापरतात. ताडाची झाडं कमी झाली आणि त्यांवर चढणारे त्याहून कमी झाले. बीअरच्या पावाला त्या फुग्यांचा वारस म्हणायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण त्यांची दुसरी तक्रार, की ज्याला कष्ट नाहीत तो पाव कसला, मला मान्य नाही. कष्ट आहेतच. दिवसभर उभ्याने काम आणि उभ्यानेच प्रवास करून आलेल्या बाईने विसाव्या फेऱ्याला नेमका हात थांबवणं हे कसब आहे, आणि घरच्या पावाचा हक्क फक्त ज्यांच्याकडे दुपार मोकळी आहे त्यांचा नाही.

अर्ध्या तासाने वास आला. आधी आंबूस, बीअर शॉपीच्या दारातला. मग हळूहळू तो जळत्या साखरेचा आणि लोण्याचा झाला. कडेला उतरलेल्या लोण्यात कवच अक्षरशः तळलं जात होतं. हा वास बदलतो तो क्षण मला अजून आठवतो. पन्नासाव्या मिनिटाला सुरी आत घातली, कोरडी निघाली.

मुलांना कसा देता, हे मी विचारलंच. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार तासभर भाजलेल्या पदार्थात मद्यार्काचा साधारण चौथा हिस्सा उरतो. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बीअरमध्ये मद्यार्क साडेसोळा मिली. म्हणजे अख्ख्या पावात चारेक मिली, दहा काप केले तर एकात अर्ध्या मिलीहून कमी. ताई तरीही पाव वाटताना प्रत्येकाला सांगतात. कुणी दारू सोडलेली असते, कुणाच्या धर्मात ती चालत नाही. शेजारच्या एका घरी त्या तोच पाव सोडावॉटरवर करून देतात. चव फिकी, पण फुगतो तितकाच.

सध्या त्यांच्या डोक्यात नाचणी आहे. एक कप मैद्याऐवजी नाचणीचं पीठ घातलं तेव्हा पाव बसला, कापताना चुरा झाला. आता अर्ध्या कपावर आल्या आहेत. बेकिंग पावडर तेवढीच ठेवणार, बीअर मात्र दोन चमचे वाढवणार, कारण नाचणी पाणी जास्त ओढते.