ट्रकचे पाटे : वाकतात, पण मोडत नाहीत!

दोस्तांनो, पौड रोडवर कधी ट्रकच्या मागच्या चाकाकडे नीट पाहिलंय? खडीनं शिगोशीग भरलेला ट्रक खड्ड्यातून जातो. चाक धाडकन वर उचललं जातं, पण हौदा काही तेवढा उसळत नाही. मधल्या मधे तो दणका गिळतं कोण?

तो गिळतात पाटे. गॅरेजमधले लोक ‘पाटे’ म्हणतात, तर पुस्तकात त्यांचं नाव ‘लीफ स्प्रिंग’, म्हणजे पानांची स्प्रिंग. पोलादाच्या लांबट, किंचित वाकवलेल्या पट्ट्यांची ही चळत असते. सगळ्यांत लांब पाटा वर आणि त्याखाली एकाहून एक आखूड. चळतीचा मध्य चाकांच्या ॲक्सलला यू-बोल्टनं आवळलेला असतो आणि वरच्या पाट्याची दोन टोकं ट्रकच्या सांगाड्याला जोडलेली असतात. टांग्यालाही असेच पाटे असायचे!

एकच जाड पाटा का नाही?

करूनच पाहा. जुन्या लग्नपत्रिकेच्या सारख्या आकाराच्या आठ पट्ट्या कापा. चार नुसत्या एकावर एक ठेवा. उरलेल्या चार डिंकानं पक्क्या चिकटवून वाळवा. आता दोन्ही गठ्ठे वाकवा. सुटा गठ्ठा सहज वाकेल. चिकटवलेला मात्र दाद देणार नाही!

याचं गणित सोपं आहे. पट्टीची जाडी चौपट केली, की तिचा ताठपणा ४ × ४ × ४, म्हणजे ६४ पट होतो. चार सुट्या पट्ट्यांचा ताठपणा मात्र फक्त चौपट. म्हणजे फरक सोळापट! जाडजूड पाटा वाकलाच नाही, तर खड्ड्याचा दणका थेट हौद्याला बसेल. आणि जबरदस्तीनं वाकवला, तर तो तडकेल. सुटे पाटे एकमेकांवर घसरत वाकतात. घासताना ते कुरकुरतात आणि हौद्याचं वरखाली हलणंही लवकर थांबवतात.

मग खालचे पाटे आखूड का? वाकवणारा जोर मध्यभागी सर्वांत जास्त असतो आणि टोकाकडे कमी होत जातो. जिथे जोर जास्त, तिथे पाटे जास्त. पोलादही वाचतं आणि वजनही.

दाबलं, की लांबी वाढते

आता एक पट्टी कमानीसारखी टेबलावर ठेवा आणि मधोमध दाबा. टोकं बाहेर सरकली ना? ट्रकवर बोजा पडला की पाटा असाच सपाट होतो आणि त्याची टोकं एकमेकांपासून लांब जातात. म्हणून एक टोक पिनेनं पक्कं असतं आणि दुसरं ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या कडीला अडकवलेलं असतं. कडी झुलते, म्हणून पाटा मोकळेपणानं वाकतो.

खाणीतल्या किंवा डोंगरातल्या वाटेवर तर खरी परीक्षा! एक चाक दगडावर चढतं, तर दुसरं खळग्यात उतरतं. ॲक्सल तिरपा होतो. एका बाजूचे पाटे सपाट होतात, तर दुसऱ्या बाजूची कमान वाढते. असं झालं तरच दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात. चाक अधांतरी राहिलं, तर ते नुसतंच गरगर फिरणार.

पण पाटे फार मऊ ठेवले, तर बोजा पेलणार कसा? त्यावर युक्ती म्हणजे मदतीचे जादा पाटे. ट्रक रिकामा असताना ते नुसते बसून असतात. बोजा वाढला, की कामाला लागतात.

पोलादही दमतं!

कोथरूडमधल्या ए.आर.ए.आय. टेकडीवर तुम्ही फिरायला जात असाल. तिथे १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. नव्या प्रकारची गाडी विकायला आणण्याआधी सरकारमान्य संस्थेकडून तिची तपासणी करून घ्यावी लागते. ही अशीच एक संस्था. अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) व्ही.आर.डी.ई. ही दुसरी. तिथे लष्कराच्या वाहनांचंही काम चालतं.

पाट्यांची परीक्षा घ्यायची, तर त्यांना यंत्रात धरून पुन्हा पुन्हा, हजारो वेळा वाकवतात. कारण पाटा बहुधा एका दणक्यानं तुटत नाही. तार सारखी मागेपुढे वाकवली की तुटते, तसंच. याला म्हणतात धातूचा थकवा. पाटा दबतो तेव्हा त्याची वरची बाजू ताणली जाते आणि चीर बहुधा तिथूनच सुरू होते. म्हणून कारखान्यात त्या बाजूवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करतात. त्यानं पृष्ठभाग आतून दाबला जातो आणि चीर पडायला वेळ लागतो.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरला, की हा थकवा झपाट्यानं वाढतो. मुख्य पाटा तुटला, तर ॲक्सल तिरका सरकतो आणि ट्रक एका बाजूला ओढू लागतो. ताम्हिणीसारख्या घाटात असं झालं तर? म्हणून जाणते ड्रायव्हर निघण्याआधी वाकून पाटे पाहतात. तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करून भागत नाही. त्या आचेनं पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. पाटा बदलावाच लागतो.

आता एक काम तुमच्यासाठी. मोठ्या माणसाला बरोबर घ्या, आणि ट्रकखाली मुळीच शिरू नका. रस्त्याकडेला उभा असलेला एक रिकामा ट्रक बघा आणि एक भरलेला. दोघांच्या पाट्यांची चित्रं वहीत काढा. कुणाची कमान जास्त आहे? आणि भरलेल्या ट्रकचे पाटे उलटेच वाकलेले दिसले, तर त्याचा अर्थ काय, ते आता तुम्हीच घरी सांगा!