लिंकवर 'मान्य' दाबण्याआधी

परीक्षा जवळ आल्या की ग्रुपवर लिंक येतेच: 'विद्यार्थ्यांचा ताण आणि झोप, फक्त दहा मिनिटं.' पाठवणारी बहुधा मानसशास्त्राची एखादी ताई, प्रबंधासाठी माहिती गोळा करणारी. जरूर भरा, पण पहिलं पान, म्हणजे संमतिपत्र, वाचून. अभ्यास कोणाचा, नीतिसमितीची मंजुरी आहे का, उत्तरांचं पुढे काय होणार, हे तिथे असायला हवं.

'नाव गुप्त राहील' आणि 'नाव घेतलंच जाणार नाही' या दोन वेगळ्या गोष्टी. ईमेल घेतला असेल तर उत्तर कोणाचं ते संशोधकाला कळू शकतं. काहीच घेतलं नसेल तर कळत नाही. पण मग सबमिट केल्यावर 'माझी उत्तरं काढा' म्हणायची सोयही उरत नाही. शोधणार कशी? आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनी माघार घ्यायचा हक्क दिलाय. इथे तो सबमिट करण्याआधीच वापरावा लागतो: टॅब बंद करायचा, बस्स.

अशा अभ्यासांत पीएचक्यू-९ ही प्रश्नावली पुष्कळदा असते. गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण. नववा प्रश्न मरण बरं वाटण्याचा किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. खरं उत्तर देणाऱ्याला वाटतं, कोणीतरी वाचेल, विचारपूस करेल. बिननावी फॉर्ममध्ये ते शक्यच नसतं. उत्तरं कदाचित काही महिन्यांनी, एका लांबलचक तक्त्यात उघडली जातात. तिथे 'हो' म्हणावंसं वाटलं तर आधी घरी किंवा मैत्रिणीला सांगा, नाहीतर टेली-मानसला १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलता येतं. फॉर्म नंतरही भरता येईल.